झोई डेस्कटॉपमध्ये आपलं स्वतःचं वेब ॲप कसं जोडावं

मेनफ्रेमवर काम करणाऱ्या बहुतेक टीमकडे घरी बनवलेलं एखादं वेब ॲप असतंच. कुठे रात्रीच्या बॅचचा फलक, कुठे डेटासेटच्या (मेनफ्रेमवरच्या फाइलींच्या) जागेचा हिशोब, कुठे शिफ्ट हॅन्डओव्हरच्या नोंदी. सहसा ते बाजूच्या एखाद्या लिनक्स सर्व्हरवर चालतं, त्याचा पासवर्ड वेगळा असतो आणि मेनफ्रेमशी ते एकाच सामायिक यूझर आयडीने बोलतं. ऑपरेटर एका खिडकीत ग्रीन स्क्रीन (मेनफ्रेमचं जुनं टर्मिनल), दुसरीत झेड-ओएसएमएफ (झेड-ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीचं ब्राउझरमधलं व्यवस्थापनाचं साधन) आणि तिसरीत हा फलक उघडून बसतो.

हे सगळं एका जागी आणायला झोई डेस्कटॉप ही चांगली जागा आहे. झोई हा लिनक्स फाउंडेशनच्या ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टमधला मुक्त स्रोत प्रकल्प. आयबीएम, सीए टेक्नॉलॉजीज आणि रॉकेट सॉफ्टवेअर यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये तो जाहीर केला. पहिली पक्की आवृत्ती २०१९ मध्ये आली, दुसरी २०२२ मध्ये आणि तिसरी २०२४ मध्ये. त्यात कमांड लाइन आहे, व्हीएस कोडसाठी एक्सप्लोरर आहे, एपीआय मेडिएशन लेयर आहे (त्यातल्या गेटवेतून सगळ्या सेवांच्या मागण्या जातात), आणि ब्राउझरमध्ये उघडणारं खिडक्यांचं डेस्कटॉप आहे. या लेखात आपल्याला मुख्यतः शेवटच्या दोन गोष्टी लागतील.

डेस्कटॉपवर आपल्या ॲपचा आयकॉन दिसायला अर्धा दिवस पुरतो. पण आयकॉन दिसला म्हणून ॲप जोडलं गेलं, असं मी मानत नाही. लॉगिन केलेल्या माणसाचा स्वतःचा आयडी शेवटच्या कॉलपर्यंत पोचला पाहिजे, आणि त्याला काय दाखवायचं हे रॅकफने, म्हणजे मेनफ्रेमवर कोणाला काय हक्क हे पाहणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेने, ठरवलं पाहिजे. तुमच्याकडे रॅकफऐवजी एसीएफ२ किंवा टॉप सीक्रेट असेल तर त्याने. हे साधलं तरच जोडणी पुरी झाली, म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच कामावर आहे.

उदाहरण रात्रीच्या बॅचच्या फलकाचंच घेऊ. जॉबची यादी, कोणता अडकला, कोणता ॲबेंड झाला (मध्येच कोसळला) आणि प्रत्येक पडलेल्या जॉबखाली ऑपरेटरची नोंद, एवढंच त्यात आहे.

पायरी १: कोणत्या मार्गाने जोडायचं ते ठरवा

मार्ग तीन आहेत. पहिल्यात ॲप आहे तिथेच राहतं आणि फक्त त्याची एपीआय झोईच्या गेटवेमागे येते. लोकांना त्याचा पडदा नको, डेटाच हवा असेल तर एवढं पुरे. दुसऱ्या मार्गात ॲप आयफ्रेम (एका पानात बसवलेलं दुसरं पान) प्लगइन म्हणून डेस्कटॉपच्या खिडकीत उघडतं. तिसरा मार्ग म्हणजे अँग्युलर किंवा रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत डेस्कटॉपचं अस्सल प्लगइन लिहिणं.

आधीपासून चालू असलेलं ॲप असेल तर आयफ्रेमने सुरुवात करा. अस्सल प्लगइनला डेस्कटॉपच्या सेवा थेट मिळतात आणि ते देखणंही होतं, पण डेस्कटॉपमधली अँग्युलरची आवृत्ती प्रत्येक मोठ्या बदलात पुढे गेली आहे. तुमचं प्लगइन तिच्याशी बांधलेलं असेल तर दर वेळी ते पुन्हा बांधावं लागतं. आयफ्रेममधलं ॲप स्वतःची लायब्ररी स्वतःसोबत घेऊन चालतं, त्यामुळे डेस्कटॉप बदलला तरी त्याला सहसा हात लावावा लागत नाही. दोन-तीन माणसांच्या टीमला याचा मोठा आधार असतो.

तुमच्याकडे झोई नसेल आणि नवीन काही बसवायची परवानगीही नसेल, तर झेड-ओएसएमएफच्या इम्पोर्ट मॅनेजरमधून बाहेरचं ॲप त्याच्या मेन्यूत आणता येतं. एक प्रॉपर्टीज फाइल लिहायची, तिच्यात ॲपचं नाव, पत्ता आणि कोणत्या सॅफ रिसोर्सने (रॅकफसारख्या यंत्रणेतल्या हक्काच्या नावाने) ते राखायचं हे सांगायचं. तो मार्ग सोपा आहे, पण त्यात गेटवेची मदत मिळत नाही.

पायरी २: माणसं आणि पोर्ट आधी नक्की करा

कोड लिहिण्याआधी सिक्युरिटी ॲडमिनशी बोला. पुढे त्यांच्याकडून तीन-चार गोष्टी लागणार आहेत. त्या शेवटच्या आठवड्यात मागितल्या तर काम तिथेच अडतं.

नेहमीच्या बसवणुकीत गेटवे ७५५४ वर, डिस्कव्हरी (सेवांची नोंद ठेवणारी सेवा) ७५५३ वर, डेस्कटॉपचा ॲप-सर्व्हर ७५५६ वर आणि झेडएसएस (मेनफ्रेमवरच्या फाइली आणि डेटासेट पुरवणारा सर्व्हर) ७५५७ वर असतो. तुमच्याकडे हे आकडे बदललेले असू शकतात, झोईच्या यामल या सेटिंगच्या फाइलमध्ये पाहून घ्या. डेस्कटॉप नेहमी गेटवेतूनच उघडा, म्हणजे ७५५४ वर, झेडलक्स या डेस्कटॉपच्या मार्गाने. ७५५६ वर थेट उघडूनही पडदा तसाच दिसतो, म्हणून पुष्कळजण तसंच वापरत राहतात. पण मग ब्राउझरच्या लेखी डेस्कटॉप एका ठिकाणचं आणि एपीआय दुसऱ्या ठिकाणची ठरते, आणि क्रॉस-ओरिजिनच्या (एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावर मागणी केल्याच्या) तक्रारी सुरू होतात. गेटवेतून आलात तर पडदा, झेड-ओएसएमएफ आणि तुमची सेवा तिन्ही एकाच ओरिजिनवर राहतात.

ॲप-सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर) चालत असल्यामुळे तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून मेनफ्रेमवरच्या झेडएसएसला जोडता येतो. पडद्याचं काम तसंच करा. प्रत्येक छोट्या बदलासाठी फाइल मेनफ्रेमवर चढवत बसण्यात दिवस जातात.

पायरी ३: ॲपला जागेचा हट्ट सोडायला लावा

तुमचं ॲप आजवर स्वतःच्या पत्त्याच्या मुळाशी राहत होतं. आता ते गेटवेचा मार्ग, मग प्लगइन्स, मग तुमच्या प्लगइनची ओळख आणि मग वेब, अशा लांबलचक पत्त्याखाली जाणार आहे. स्लॅशने सुरू होणारा प्रत्येक दुवा इथे तुटतो. रिॲक्टच्या जुन्या बांधणीत 'होमपेज' ही किंमत नुसत्या टिंबावर ठेवा, व्हीट या बांधणीच्या साधनात 'बेस' टिंब-स्लॅश करा. ॲपच्या आतली पानं हॅशवर, म्हणजे पत्त्यातल्या # चिन्हापुढच्या भागावर, चालवा, म्हणजे खिडकी रिफ्रेश केली तरी सर्व्हरकडे नसलेल्या पानाची मागणी जात नाही.

बाहेरून येणारे फॉन्ट, आयकॉन आणि स्क्रिप्ट सगळे फोल्डरमध्ये उतरवून घ्या. बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या आतल्या जाळ्यातून इंटरनेट दिसेलच असं धरून चालू नका.

ॲप दुसऱ्या सर्व्हरवरूनच दाखवायचं असेल, तर तो सर्व्हर फ्रेमला मनाई करणारा हेडर पाठवतो का ते पाहा. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स असेल तर खिडकी कोरी राहते आणि कारण फक्त ब्राउझरच्या कन्सोलमध्ये सापडतं. तो हेडर सरसकट काढून टाकू नका. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीतल्या फ्रेम-ॲन्सेस्टर्समध्ये फक्त तुमच्या गेटवेचा पत्ता द्या. शक्य असेल तर तयार फाइली प्लगइनच्याच फोल्डरमध्ये ठेवा, मग हा प्रश्नच येत नाही.

पायरी ४: प्लगइनचं फोल्डर

फोल्डरच्या मुळाशी प्लगइन-डेफिनिशन नावाची जेसन फाइल लागते. तिच्यात 'आयडेंटिफायर' ही ओळख असते. ती संस्थेच्या डोमेनच्या उलट्या क्रमाने लिहा आणि पहिल्याच दिवशी नीट ठरवा, कारण पत्ते, साठवलेल्या सेटिंग्ज आणि रॅकफची प्रोफाइल (हक्कांचे नियम) या सगळ्यांत हीच ओळख गुंफली जाते. 'प्लगइन-टाइप' ॲप्लिकेशन ठेवा. 'वेब-कंटेंट'मध्ये फ्रेमवर्क आयफ्रेम, सुरुवातीचं पान इंडेक्स डॉट एचटीएमएल, आयकॉनचा मार्ग, छोटं नाव आणि खिडकीची लांबी-रुंदी द्या. फलकासारख्या ॲपची एकच खिडकी उघडावी म्हणून 'सिंगल-विंडो'ची किंमत 'ट्रू' ठेवा.

तयार पडदा 'वेब' नावाच्या फोल्डरमध्ये जातो. त्यात टाकलेली प्रत्येक गोष्ट जगजाहीर आहे असं समजूनच टाका. तिथे आयडी, पासवर्ड, आतल्या सर्व्हरची नावं किंवा नमुन्यादाखल खऱ्या ग्राहकाचा डेटा ठेवायचा नाही. सर्व्हरवर चालणारा नोडचा कोड 'लिब'मध्ये जातो.

आयफ्रेममधून डेस्कटॉपच्या सेवा हव्या असतील तर बूटस्ट्रॅप प्लगइनच्या वेब फोल्डरमधली आयफ्रेम-ॲडॅप्टर ही स्क्रिप्ट पानात घ्या. तिच्यातून यूआरआय ब्रोकर मिळतो, आणि तो सध्याच्या बसवणुकीत कोणती सेवा कुठे आहे याचे बरोबर पत्ते बनवून देतो. पत्ते हाताने जोडून लिहू नका. आयफ्रेममधून हे कॉल प्रॉमिस परत देतात, म्हणून उत्तराची वाट पाहणारा कोड लिहावा लागतो. अस्सल प्लगइनची उदाहरणं उतरवून घेतली की हा फरक नजरेआड होतो.

पायरी ५: डेटा कुठून आणायचा

जॉबच्या यादीसाठी वेगळा सर्व्हर लिहायची गरज नाही. झेड-ओएसएमएफची जॉब एपीआय गेटवेमागे असतेच. पडदा त्याच ओरिजिनवर असल्याने लॉगिनची कुकी ब्राउझर आपोआप पाठवतो, आणि गेटवे तिचं झेड-ओएसएमएफला चालेल अशा ओळखपत्रात रूपांतर करतो. तुमच्या जुन्या ॲपमध्ये सामायिक आयडीने यादी आणणारा जो कोड आहे, तो इथे सरळ काढून टाकता येतो.

या एपीआयच्या काही सवयी मात्र ठाऊक हव्यात. 'ओनर' दिला नाही तर ती फक्त लॉगिन केलेल्या माणसाचे जॉब दाखवते. बॅच दुसऱ्याच आयडीखाली चालत असते, त्यामुळे फलक रिकामा दिसतो आणि दोष परवानगीला दिला जातो. ओनरमध्ये तारा (*) द्या आणि प्रीफिक्स (जॉबच्या नावाची सुरुवात) नेमका ठेवा. जॉबची कमाल संख्या मुळात १००० आहे. मोठ्या यंत्रणेवर यादी त्या आकड्याला येऊन थांबते आणि उरलेले जॉब पडद्यावर येतच नाहीत, म्हणून प्रीफिक्सचे गट पाडून मागण्या करा. प्रत्येक मागणीसोबत झेड-ओएसएमएफचा सीएसआरएफ (बनावट मागण्या रोखण्यासाठीचा) हेडर हवा, नाहीतर मागणी नाकारली जाते.

उत्तरात 'रेटकोड' नावाचं मूल्य येतं. नीट संपलेल्या जॉबला 'सीसी ००००' (सीसी म्हणजे कंडिशन कोड), पडलेल्याला 'ॲबेंड एस०सी७' यासारखं, जेसीएल (जॉबची आज्ञावली) चुकलं असेल तर 'जेसीएल एरर', आणि जॉब चालू असेपर्यंत तिथे काहीच नसतं. हे रिकामेपण 'ठीक आहे' म्हणून हिरव्या रंगात दाखवू नका. चालू जॉबसाठी वेगळा रंग ठेवा. सीसी ०००४ हिरवा की पिवळा, हे जॉबगणिक ठरतं. काही जॉबचा तो रोजचा कोड असतो, काहींचा तो खरा इशारा असतो. ती यादी बॅच ठाऊक असलेल्या माणसाकडून घ्या.

नोंद कोणत्या जॉबची हे ओळखायला जॉबचा नंबर पुरत नाही. नंबर फिरून पुन्हा वापरले जातात, आणि मागच्या पंधरवड्यातली 'पुन्हा सबमिट केला' ही नोंद आजच्या भलत्याच जॉबखाली उगवू शकते. जेस२ ही जॉब रांगेत लावणारी झेड-ओएसची यंत्रणा प्रत्येक जॉबला कोरिलेटर ही वेगळी ओळख देते. कोरिलेटर या उत्तरात मिळतो, नोंद त्याला बांधा.

वेळेबद्दलही काळजी घ्या. मेनफ्रेम अमेरिकेत किंवा युरोपात आणि फलक पाहणारी टीम पुण्यात, हे आपल्याकडे नेहमीचंच चित्र आहे. तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, इकडची नाही. पडद्यावर यंत्रणेची वेळ आणि आपली वेळ दोन्ही लिहा. फक्त एकच लिहिलीत तर हॅन्डओव्हरच्या फोनवर 'कोणते तीन वाजता?' हा प्रश्न ठरलेला.

ताजेपणासाठी दर पाच सेकंदाला मागणी करू नका. पन्नास ब्राउझर उघडे असले तर तेवढा भार झेड-ओएसएमएफवर पडतो, आणि तोही नेमका बॅचच्या गर्दीत. मिनिटाला एकदा पुरे. हा भार टाळायला सर्व्हरवर एकच सामायिक कॅशे ठेवावी, असा विचार मनात येतो, पण तिथे जपा. एका माणसाच्या अधिकाराने आणलेलं उत्तर दुसऱ्याला दिलं की रॅकफचा निर्णय तुम्ही परस्पर बाजूला सारलात. कॅशे ठेवायचीच तर प्रत्येक यूझरची वेगळी ठेवा.

पायरी ६: नोंदींसाठी डेटा सर्व्हिस

ऑपरेटरच्या नोंदी साठवायला थोडा सर्व्हरचा कोड लागतो. प्लगइन-डेफिनिशनमध्ये 'राउटर' प्रकारची डेटा सर्व्हिस जाहीर करा, तिला नाव, आवृत्ती आणि फाइल द्या. फाइलमधून एक फंक्शन बाहेर द्यायचं असतं. ते कॉन्टेक्स्ट घेतं आणि एक्सप्रेस या नोडच्या लायब्ररीचा राउटर परत देतं. ज्याने कधी एक्सप्रेस लिहिलं आहे त्याला इथे नवीन शिकण्यासारखं फारसं नाही. लॉगरही कॉन्टेक्स्टमधूनच घ्या, म्हणजे संदेश झोईच्या लॉगमध्ये योग्य नावाखाली जातात.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. राउटरमधला नोडचा कोड सर्व्हरच्या आयडीखाली चालतो. नेहमीच्या बसवणुकीत तो झेडडब्ल्यूईएसव्हीयूएसआर असतो. म्हणजे तुमच्या राउटरने फाइल उघडली तर ती त्या आयडीच्या अधिकाराने उघडली जाते. समोर बसलेल्या ऑपरेटरचा अधिकार तिथे विचारलाच जात नाही. 'ही फाइल वाचून दे' एवढी साधी सोय राउटरमध्ये ठेवलीत, तर सर्व्हरला जे दिसतं ते सगळं प्रत्येक लॉगिनला खुलं झालं.

माणसाच्या अधिकाराने फाइल किंवा डेटासेट वाचायचा असेल तर झेडएसएसच्या तयार सेवा वापरा. झेडएसएस सीमध्ये लिहिलेला आहे, तो काम करताना त्या माणसाची ओळख धारण करतो, त्यामुळे तपासणी त्याच्याच आयडीवर होते. यूआरआय ब्रोकर या सेवांचे पत्ते देतो. राउटरकडे फक्त अशी कामं ठेवा, ज्यांत सर्व्हरच्या आयडीने लिहिणंच अभिप्रेत आहे. आपल्या नोंदी त्या प्रकारच्या आहेत. सर्व्हरच्या मालकीच्या एका फोल्डरमध्ये त्या जातात आणि इतर कोणाला त्या फोल्डरवर थेट हक्क नसतो.

नोंद कोणी लिहिली हे ब्राउझरने पाठवलेल्या मजकुरातून कधीही घेऊ नका, ते कोणालाही बदलता येतं. ॲप-सर्व्हर लॉगिन तपासल्यावर यूझरचं नाव रिक्वेस्टवर ठेवतो, तेच नोंदीत लिहा.

आणि कोणी लिहायचं, हे ठरवायला ॲप-सर्व्हरची आरबीएसी (भूमिकेनुसार हक्क देण्याची) सोय आहे. यामलमध्ये ती चालू केली की डेटा सर्व्हिसला येणारी मागणी रॅकफच्या झोई या क्लासमधल्या प्रोफाइलशी ताडली जाते. प्रोफाइलच्या नावात प्लगइनची ओळख, सेवेचं नाव आणि एचटीटीपीची क्रिया येते. त्यामुळे 'वाचणं सर्वांना, लिहिणं फक्त ऑपरेशन्सच्या ग्रुपला' असा नियम कोडला हात न लावता करता येतो. मात्र ही सोय चालू केली की ती इतर प्लगइननाही लागू होते, म्हणून त्यांची प्रोफाइल आधी तयार ठेवा.

पायरी ७: सेवा बाहेर असेल तर ओळख कशी न्यायची

तुमची सेवा आधीपासून जावामध्ये किंवा लिनक्सवर असेल आणि ती तशीच ठेवायची असेल, तर तिला गेटवेमागे आणा. सर्वात कमी कष्टाचा मार्ग म्हणजे स्टॅटिक डेफिनिशन. एका यामल फाइलमध्ये सेवेची ओळख, मूळ पत्ता, गेटवेवरचा मार्ग आणि कॅटलॉगमधली टाइल लिहायची. सेवेच्या सर्टिफिकेटवर सही करणारी सर्टिफिकेट ॲथॉरिटी झोईच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सर्टिफिकेटच्या साठ्यात) घाला. तपासणीच बंद करून काम पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण त्या वाटेवरून लोकांची ओळखपत्रं जाणार आहेत. तपासणी चालूच ठेवा.

त्याच फाइलमध्ये 'ऑथेंटिकेशन स्कीम' ठरते, आणि तिथे घाई करू नका. 'बायपास' म्हणजे गेटवे ओळखीचं काही करत नाही, मागणी जशी आली तशी पुढे देतो. तुमचं जुनं लॉगिन तसंच राहतं आणि माणसाला दोनदा पासवर्ड द्यावा लागतो. 'झोई-जेडब्ल्यूटी'मध्ये लॉगिनचं सही केलेलं टोकन तुमच्या सेवेपर्यंत येतं आणि त्याची सही तुम्ही गेटवेच्या जाहीर सार्वजनिक किल्लीने पडताळता. नवा कोड लिहिणार असाल तर मी हीच निवडेन. टोकन उलगडून नाव वाचलं आणि सही तपासलीच नाही, असा कोड मात्र स्वीकारू नका. असं टोकन कोणीही घरी बनवू शकतो.

सेवा झेड-ओएसवरच असेल आणि तिला फक्त आयडी-पासवर्ड समजत असेल, तर पासतिकीट वापरा. गेटवे त्या माणसासाठी त्या ॲप्लिकेशनपुरतं तिकीट रॅकफकडून बनवून घेतो आणि पासवर्डच्या जागी पाठवतो. ते सुमारे दहा मिनिटंच चालतं. याला ॲप्लिडची (रॅकफमधल्या ॲप्लिकेशनच्या नावाची) गुप्त किल्ली पीटीकेटीडेटा क्लासमध्ये लागते, आणि झोईच्या आयडीला आयआरआरपीटीएयूटीएचने सुरू होणाऱ्या प्रोफाइलवर अपडेट हक्क लागतो. हे प्रोफाइल सिक्युरिटी ॲडमिन सहज देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण या हक्काने कोणाच्याही नावाने तिकीट बनवता येतं. म्हणून नेमक्या ॲप्लिडपुरताच हक्क मागा. स्टॅटिक फाइलमधलं ॲप्लिड आणि सेवेचं स्वतःचं ॲप्लिड जुळलं नाही किंवा दोन यंत्रणांची घड्याळं वेगळी असली, तर तिकीट नाकारलं जातं आणि लॉगमध्ये 'चुकीचा पासवर्ड' एवढंच दिसतं.

पायरी ८: एन्कोडिंग

लॅपटॉपवर सगळं चालतं आणि मेनफ्रेमवर चढवलं की प्लगइन वाचताच येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. झेड-ओएसच्या युनिक्स बाजूला प्रत्येक फाइलवर ती कोणत्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यात) आहे हे सांगणारा टॅग असतो. फाइल युटीएफ-८ मध्ये आहे पण टॅग नाही, तर वाचणारा ती एबसिडिक, म्हणजे मेनफ्रेमच्या स्वतःच्या अक्षरसंकेतातली, धरू शकतो. सीएचटॅग या कमांडने जेसन, स्क्रिप्ट आणि एचटीएमएलना योग्य टॅग लावा. चित्रं आणि फॉन्ट बायनरी म्हणून टॅग करा, नाहीतर आयकॉनचं रूपांतर होऊन तो फुटतो.

चौकोनी कंसांचं दुखणं वेगळं. आयबीएम-१०४७ या एबसिडिक कोडपेजमध्ये उघडणारा कंस हेक्समध्ये एडी आणि मिटणारा बीडी, तर ०३७ या दुसऱ्या एबसिडिक कोडपेजमध्ये तेच बीए आणि बीबी. कोणी फाइल ०३७ धरून बदलली की अक्षरं, आकडे, महिरपी कंस सगळे जागेवर राहतात आणि चौकोनी कंस तेवढे बिघडतात. जेसनमधली प्रत्येक यादी मोडते आणि डोळ्यांना मात्र फाइल ठीक वाटते. शंका आली तर फाइल हेक्समध्ये पाहा.

आपल्या लोकांनी नोंदी मराठीत लिहाव्यात असं वाटत असेल, आणि का वाटू नये, तर नोंदींची फाइल युटीएफ-८ ठेवा, टॅग १२०८. आयबीएम-१०४७ मध्ये देवनागरीला जागाच नाही. देवनागरीसाठी ११३७ हे एबसिडिक कोडपेज आहे, पण झोई आणि ब्राउझरच्या वाटेवर युटीएफ-८ हाच सरळ रस्ता. 'फाइल आली नव्हती, शाखेला कळवलं' अशी नोंद साठवून पुन्हा उघडून पाहा. प्रश्नचिन्हं दिसली तर मधली कोणतीतरी पायरी टॅगशिवाय लिहिते आहे.

पायरी ९: गठ्ठा बांधणं आणि बसवणं

प्लगइनच्या मुळाशी मॅनिफेस्ट नावाची यामल फाइल ठेवा. तिच्यात कंपोनंटचं नाव, ओळख, आवृत्ती आणि 'ॲपएफडब्ल्यू-प्लगइन्स'खाली प्लगइनचा मार्ग असतो. सगळ्याचा पॅक्स (झेड-ओएसवरचा फाइलींचा गठ्ठा) किंवा झिप करा आणि झोईच्या झेडडब्ल्यूई कमांडच्या 'कंपोनंट्स इन्स्टॉल'ने बसवा. फाइली एक्स्टेंशन डिरेक्टरीत उतरतात. झोईच्या स्वतःच्या रनटाइम डिरेक्टरीत काहीही टाकू नका, पुढच्या अद्ययावतीकरणात ते पुसलं जातं. यामलमध्ये कंपोनंट चालू आहे ना पाहा आणि झेडडब्ल्यूईएसएलएसटीसी हा झोईचा स्टार्टेड टास्क (सतत चालणारं काम) थांबवून पुन्हा सुरू करा.

मग लॉग वाचा. प्लगइन उचललं गेलं असेल तर झेडडब्ल्यूईडी०२९०आय या संदेशात तुमची ओळख आणि आवृत्ती दिसते. संदेश नसेल तर एन्कोडिंग, फाइलचे हक्क आणि यामल, या क्रमाने तपासा. आयकॉन दिसतो पण खिडकी कोरी, तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ४०४ (सापडलं नाही) शोधा, बहुधा तिसऱ्या पायरीतला एखादा दुवा राहिलेला असतो. पडदा येतो पण डेटाला ४०१ (लॉगिन मान्य नाही) मिळतो, तर डेस्कटॉप गेटवेतून उघडलं आहे का ते आधी पाहा.

पायरी १०: दोन आयडींनी तपासा

स्वतःच्या आयडीने केलेली चाचणी फारसं सांगत नाही, कारण तुमच्याकडे बहुतेक सगळे हक्क असतात. सिक्युरिटी ॲडमिनकडून कमी हक्कांचा एक चाचणी आयडी घ्या. त्याने लॉगिन करून ज्या जॉबचं आउटपुट त्याला दिसता कामा नये ते उघडून पाहा. स्पूल (जॉबचं साठवलेलं आउटपुट) वाचण्याचा निर्णय रॅकफचा जेसस्पूल क्लास घेतो, आणि पडद्यावर नकार यायला हवा. तो आला नाही तर कुठेतरी अजून सर्व्हरचा किंवा जुन्या सामायिक आयडीचा अधिकार वापरला जातो आहे. तीच चाचणी नोंद लिहिण्यावर करा. सिक्युरिटीच्या लॉगमध्ये नकाराखाली कोणाचा आयडी उमटला तेही त्यांच्यासोबत बसून पाहा. तिथे झोईचा आयडी दिसला तर सहाव्या पायरीकडे परत जा.

टोकन संपल्यावर काय होतं, ही चाचणी पुष्कळदा राहून जाते. रात्रपाळीत फलक तासन् तास उघडा असतो. मध्येच लॉगिनची मुदत संपली आणि ॲपने ४०१ गिळून जुनीच यादी दाखवत ठेवली, तर ऑपरेटर पहाटे सगळं हिरवं पाहत बसतो आणि पगाराचा जॉब तासभर आधीच पडलेला असतो. माझ्या दृष्टीने या ॲपमधला हा सर्वात घातक दोष. शेवटच्या यशस्वी मागणीची वेळ ठळक दाखवा. तीन मिनिटांत नवं उत्तर आलं नाही तर रंग काढून पूर्ण यादी राखाडी करा आणि पुन्हा लॉगिन करायला सांगा.

हे सगळं बसल्यावर ॲप्सचा आपसातला संवाद जोडा. डेस्कटॉपचा डिस्पॅचर एका ॲपमधून दुसरं ॲप माहितीसह उघडू शकतो, त्यामुळे पडलेल्या जॉबच्या ओळीवर क्लिक करून टीएन३२७० (ग्रीन स्क्रीनचं) टर्मिनल उघडायची सोय करता येते. हे शेवटी ठेवा. शेजारच्या ॲपची आवृत्ती बदलली की पहिल्यांदा तुटतं ते हेच, आणि तेव्हा फलकाचं मूळ काम न अडता चालू राहिलं पाहिजे.